काट्याचे तोंड कुणाकडे?

(बार्शी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



माझे वडील इथल्या आडतबाजारात तोलणार होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी बाजारात जायचो आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून त्यांचे काम पाहत राहायचो. सुगीत ज्वारी आणि तूर घेऊन आलेल्या गाड्यांची रांग लागायची. माप सुरू करण्याआधी वडील एक गोष्ट न चुकता करायचे. माल आणलेल्या शेतकऱ्याला नीट दिसेल असे काट्याचे तोंड वळवायचे. एखाद्या आडत्याला ते आवडायचे नाही. वडील म्हणायचे, "माल त्याचा हाय. त्याला दिसू द्या की."

त्यांनी मला वजनेही दाखवली होती. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असते, त्यात शिसे ओतलेले असते आणि त्या शिशावर सरकारी निरीक्षकाचा शिक्का असतो. ते वजन पुन्हा तपासले गेले की नवा शिक्का बसतो. न शिकलेला शेतकरीसुद्धा वजन उलटे करून तो शिक्का बोटाने चाचपून पाहायचा. सरकार पुण्या-मुंबईत असले तरी त्याची खूण त्या माणसाच्या बोटाखाली असायची.

पुढे मी तंत्रनिकेतनात बिनतारी संदेशवहन शिकवले. आयुष्य लहरी शिकवण्यात गेले. आजचा विषय मी स्वतः मागून घेतला, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या गावात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "सर, टॉवरनं कॅन्सर होतो का हो?" विचारणारी माणसे घाबरलेली असतात. कुणाच्या घरात आजारपण असते, कुणाच्या समोरच्या गच्चीवर नव्या अँटेना बसत असतात. त्यांना मी जे उत्तर देतो ते अर्धेच असते, हे मला माहीत आहे. उरलेले अर्धे उत्तर विज्ञानाने द्यायचे नाही, सरकारने द्यायचे आहे. आज मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे.

हा प्रश्न बार्शीत विचारला जातो याला वेगळे वजन आहे. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयामुळे आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसे इथे येतात. एसटी स्टँडवर हातात फाइल धरून पत्ता विचारणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. पण बार्शीची आणखी एक ओळख आहे आणि ती आपल्याच तरुणांना ठाऊक नसते. १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथे सुरू झाली. तोपर्यंत देशात अशी नोंदणी शहरांतच व्हायची. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांमध्ये कार्यकर्ते जाऊ लागले, चार जाणत्या माणसांशी बोलू लागले, कुणाला गाठ आली, कुणाला रक्तस्राव होतो, कोण कशाने गेले ते लिहू लागले. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे, तर त्याची नोंद कुठून होणार? म्हणून वहीच रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

त्या पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठे काम उभे राहिले. गावांचे ५२ गट आणि १,३१,७४६ स्त्रिया. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी उपयोगाची, हे त्या अभ्यासातून पाहिले गेले. डॉ. भगवान नेने आणि इथले सहकारी, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या ल्योन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते केले. २००९ मध्ये निष्कर्ष जगापुढे आले : एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आज जगभर या चाचणीची शिफारस होते. तिच्या मागच्या पुराव्यात आपल्या शेजारच्या गावांतल्या बायकांचा वाटा आहे.

ल्योनच्या त्या संस्थेचे नाव मी मुद्दाम घेतले. मे २०११ मध्ये याच संस्थेने रेडिओ लहरींचे, म्हणजे मोबाइल ज्यांच्यावर चालतो त्या लहरींचे वर्गीकरण "कदाचित कर्करोगकारक" या २-ब गटात केले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. पण २-ब याचा अर्थ नीट समजून घ्या. धोका किती मोठा आहे हे तो गट सांगत नाही; पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतो. इथे पुरावा मर्यादित आहे, पण बाजूला सारता येत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच यादीत आशियाई पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्या आहेत. आपल्याकडे काहींनी त्याचे "लोणच्याने कॅन्सर" करून टाकले. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तिथे संबंध नाही.

पुरावा मर्यादित का? १३ देशांत झालेल्या 'इंटरफोन' अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. एकूण फोन वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. मात्र सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत ग्लायोमा या गाठीचे प्रमाण काहीसे जास्त दिसले. पण दहा वर्षांपूर्वी आपण किती वेळ बोलत होतो, कोणत्या कानाला फोन लावत होतो, हे रुग्णाच्या आठवणीवर अवलंबून होते, आणि आजारी माणसाची आठवण आजाराकडे झुकते. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. टॉवरच्या लहरीही त्याच जातीच्या, म्हणून मला विचारणाऱ्या आईला मी सांगतो : आजवरचा पुरावा तुमच्या भीतीच्या बाजूने नाही. हे सांगताना मी हात राखून बोलत नाही.

माझे अर्धे उत्तर इथे संपते.

दुसरे अर्धे समजण्यासाठी आधी थोडे लहरींबद्दल बोलावे लागेल. एक्स-रे किंवा कोबाल्टचे किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात. मोबाइलच्या लहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णता. म्हणून जगभरच्या मर्यादा उष्णतेवरून ठरल्या. संपूर्ण शरीरात किलोमागे ४ वॉट शोषले गेले तर शरीराचे तापमान सुमारे एक अंश वाढते. त्याला ५० ने भागून सामान्य जनतेसाठी ०.०८ वॉट ही मर्यादा आली. डोक्यासारख्या एका भागासाठी वेगळी मर्यादा आहे : युरोपात २ वॉट प्रति किलोग्रॅम, १० ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर, अमेरिकेत आणि आपल्याकडे १.६ वॉट, एका ग्रॅमच्या सरासरीवर. किलोमागे होणाऱ्या शोषणाच्या या प्रमाणाला सार म्हणतात.

एक ग्रॅम आणि दहा ग्रॅम यांत काय फरक, असे विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी त्यांना बार्शी लाइट रेल्वेकडे न्यायचो. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रूळ आणला तेव्हा त्यांनी एक नियम घालून घेतला होता : कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. गाडी एकूण किती टनांची, याची हलक्या रुळाला पर्वा नसते. एका जागी किती दाबले जाते, एवढेच तो जाणतो. सारचेही तसेच आहे. दहा ग्रॅमवर सरासरी काढली तर एका ग्रॅमवर पडलेला जास्तीचा भार त्या सरासरीत विरून जातो. एका ग्रॅमची मर्यादा त्याला विरू देत नाही. आपला नियम या बाबतीत जास्त कडक आहे आणि ते सरकारच्या खाती जमा करायला हवे.

आता टॉवर. दिव्याखाली अंधार ही म्हण अँटेनालाही तंतोतंत लागू पडते. अँटेनाचा झोत आडवा, क्षितिजाकडे, किंचित खाली कललेला असतो. थेट खाली उभ्या माणसावर फार कमी पडते. ज्या घराच्या गच्चीवर टॉवर आहे त्या घरापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या गच्चीवर जास्त लहरी पोहोचतात. हिशेब सोपा आहे : २० वॉटची अँटेना झोतात सुमारे ५० पट दिसते, म्हणून ५० मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर ०.०३ वॉटच्या आसपास ऊर्जा येते. ९०० मेगाहर्ट्झसाठी भारताची मर्यादा ०.४५ वॉट आहे, म्हणजे आपण तिच्या बरेच खाली आहोत. पण तेच अंतर दहा मीटरवर आणा, आकडा ०.८ होतो आणि मर्यादा ओलांडली जाते. म्हणूनच दूरसंचार विभागाने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्याच उंचीवर समोर असलेल्या इमारतीपासून एका अँटेनासाठी २० मीटर, दोनसाठी ३५ आणि बारासाठी ७५ मीटर अंतर सांगितले आहे. बार्शीच्या जुन्या पेठांत दोन माड्यांमध्ये हात पसरला तर भिंत लागते. तिथे हे २० मीटर कुणी मोजले, याचे उत्तर मला हवे आहे.

आणि फोन? टॉवरला घाबरणारे आपण फोन कानाला चिकटवतो. लहरींचा विचार केला तर शरीराला मिळणारा मोठा वाटा फोनचाच असतो, कारण तो एका सेंटिमीटरवर असतो. शिवाय फोन स्वतःची ताकद कमी-जास्त करतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, टॉवर दूर असेल तर ओरडतो. बालाघाटाच्या उतारावरच्या एखाद्या वस्तीवर, किंवा एसटीच्या पत्र्याच्या पेटीत बसून, सिग्नलची एकच काडी दिसत असताना बोलणारा माणूस कानाजवळ ओरडणारा फोन धरून बसलेला असतो. म्हणून "गावात टॉवर नको" ही मागणी करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो : टॉवर गेला तर लहरी जात नाहीत, त्या तुमच्या कानाशी वाढतात. टॉवर कुठे, किती उंच, कुणाच्या गच्चीसमोर, हे भांडण मात्र योग्य आहे. ते जरूर भांडा.

मोजमाप कुणाचे, या प्रश्नाशी आता येतो.

भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतर तब्बल १३ वर्षे टॉवरच्या लहरींना आपल्या देशात मर्यादा नव्हती. २००८ मध्ये दूरसंचार विभागाने आंतरराष्ट्रीय आयनीकरणविरहित किरणोत्सार संरक्षण आयोगाचे मापदंड परवान्यांत घातले. दरम्यान मुंबईत मलबार हिलच्या रहिवाशांनी सह्याद्री अतिथिगृहावरच्या अँटेनांविरुद्ध आवाज उठवला. अभिनेत्री जुही चावला त्यांत होत्या. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० च्या अखेरीस दूरसंचार विभागाला अहवाल दिला. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण लोक घरात मीटर घेऊन मोजू लागले, हे त्यांचे योगदान मी मानतो. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने आंतरमंत्रालयीन समिती नेमली, जानेवारी २०११ मध्ये तिने अहवाल दिला आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आली. त्याच दिवसापासून फोनसाठी १.६ ची मर्यादा लागू झाली. जुन्या नमुन्यांना एका वर्षाची सवलत मिळाली.

कागदावर हे जगातल्या कडक नियमांपैकी एक आहे. मग काट्यावर कोण उभे आहे? टॉवरची कंपनी स्वतः मोजते किंवा हिशेब करते आणि स्वतःच प्रमाणपत्र देते की आपण मर्यादेत आहोत. दूरसंचार विभागाची क्षेत्रीय कार्यालये दर वर्षी त्यांतल्या १० टक्क्यांपर्यंत टॉवर तपासतात. मर्यादा ओलांडल्यास प्रत्येक टॉवरमागे १० लाख रुपये दंड आहे. आपले परवानाक्षेत्र सगळा महाराष्ट्र आणि गोवा, मुंबई तेवढी वेगळी. या एवढ्या मुलखात बार्शीच्या एखाद्या पेठेतल्या टॉवरची पाळी कधी येते, हे पेठेतल्या माणसाला कळत नाही. वडिलांच्या वजनावर शिक्का होता, तो त्याला दिसत होता. टॉवरच्या बुंध्यावर असा शिक्का असायला काय हरकत आहे? मोजले कधी, कुणी, आकडा किती आला, मर्यादा किती, हे मराठीत लिहिलेली एक पत्र्याची पाटी. खर्च नगण्य आहे.

२ मे २०१७ रोजी केंद्राने 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या भागातला टॉवर मर्यादेत आहे का ते तिथे पाहता येते. शंका असेल तर ४,००० रुपये भरून घरी मोजणी करून घेता येते. ही सोय चांगली आहे, तिचे मी स्वागत करतो. पण ४,००० रुपये! रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्याला हे १३ दिवस उन्हात राबल्यावर मिळतात. आपला माल तोलून घ्यायला शेतकऱ्याने आधी १३ दिवसांची मजुरी भरावी असे कुणी म्हटले असते तर बाजार बंद पडला असता.

हातातल्या फोनची गोष्ट आणखी वेगळी आहे. सार कसे मोजतात ते सांगतो. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा प्लास्टिकचा साचा करतात, मेंदूसारखा विद्युत गुणधर्म असलेला द्रव त्यात भरतात, फोन साच्याला लावून पूर्ण ताकदीवर चालवतात आणि यंत्राच्या हाताला बांधलेली सूक्ष्म कांडी द्रवात फिरवून कण न् कण मोजतात. हा साचा एका अमेरिकन सैनिकी पाहणीतल्या मोठ्या डोक्यांच्या पुरुषांवरून घेतला आहे. सातवीतल्या मुलीच्या डोक्याशी त्याचा मेळ नाही. शरीरासाठी मोजताना बऱ्याचदा फोन आणि अंग यांच्यात काही मिलिमीटरची फट ठेवली जाते. खिशात मात्र अशी फट कुणी ठेवत नाही.

अंगाला भिडलेल्या फोनवरूनच फ्रान्समध्ये २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोठी घटना घडली. तिथल्या राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी संस्थेने दुकानांतून फोन विकत घेतले, ग्राहकासारखे, आणि स्वतः मोजले. ॲपलचा आयफोन १२ हातात धरल्यावर किंवा विजारीच्या खिशात असताना अंगाला भिडतो त्या स्थितीत ५.७४ वॉट आला. हातापायांसाठीची मर्यादा ४ होती. संस्थेने फ्रान्समधली विक्री थांबवली. कंपनीने मोजमापाच्या पद्धतीवर वाद घातला, पण शेवटी सॉफ्टवेअर सुधारून दिले आणि विक्री पुन्हा सुरू झाली. त्या फोनने कुणाला अपाय झाला असे कुणीही म्हटले नाही, संस्थेनेही नाही. तरीही जगातल्या सगळ्यांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला माप पुरे करावे लागले. मला या घटनेत भीती दिसत नाही, माझे वडील दिसतात.

आपल्याकडे दिल्लीत दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची सार मोजण्याची प्रयोगशाळा आहे. कायदा आहे, यंत्र आहे, माणसे आहेत. नाही ती एकच गोष्ट : बार्शीतल्या, करमाळ्यातल्या, अकलूजच्या दुकानातून फोन उचलायचा, मोजायचा आणि कंपनीच्या नावासकट आकडा वर्तमानपत्रात छापायचा. भरवसा मुख्यतः उत्पादकाच्या स्वतःच्या घोषणेवर आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही कळ दाबली तर तुमच्या फोनवर सारचा आकडा यायला हवा, अशी सरकारची अपेक्षा आहे. मी एकदा एका दुकानात फोन घेताना सारचा आकडा विचारला. तो तरुण विक्रेता चांगला मुलगा होता. त्याने कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगितले, बॅटरी सांगितली, हप्ते सांगितले. हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता, कारण त्याला तो कुणी शिकवलाच नव्हता.

मोजलेला आकडा लोकांपुढे नसला की काय होते ते न्यायालयांत पाहा. २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा-रुग्णालयांवरचे टॉवर हटवायला सांगितले. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्या एका कर्करोगग्रस्त कामगाराच्या अर्जावर तिथला टॉवर सात दिवसांत बंद करण्याचा आदेश दिला. उलट, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने टॉवरविरुद्ध केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने वैज्ञानिक आधार नाही म्हणून रद्द केला. जून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५-जी विरुद्धचा जुही चावला यांचा दावा फेटाळून २० लाखांचा दंड लावला, पुढे तो २ लाखांवर आला. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. एका तरी पक्षाच्या हातात त्या जागेचा, त्या घराचा, सर्वांना मान्य असलेला आकडा असता तर निम्मे खटले उभेच राहिले नसते.

आता मुळाशी जातो. लहरींची मर्यादा कोण ठरवते? दूरसंचार विभाग. तपासते कोण? दूरसंचार विभाग. आणि त्या लहरींचा लिलाव कोण करते? तोच विभाग. २०२२ च्या ५-जी लिलावातून दीड लाख कोटी रुपयांची बोली आली. मी कुणावर लबाडीचा आरोप करत नाही. त्या विभागात मी शिकवलेली मुले काम करतात आणि ती प्रामाणिक आहेत. पण ज्याला माल विकायचा आहे त्याच्याच हातात काटा देऊ नये, हा नियम बाजाराने शेकडो वर्षांच्या अनुभवातून शिकला. म्हणून आडत्या वेगळा आणि तोलणार वेगळा.

आरोग्याच्या बाजूचे किरण, म्हणजे आपल्या रुग्णालयातले किरणोपचार यंत्र आणि गल्लीतले एक्स-रे, यांच्यासाठी १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. त्याचे काम फक्त सुरक्षा. मात्र वेगळे मंडळ केले की झाले, असेही नाही. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की देशातली ९१ टक्के वैद्यकीय एक्स-रे यंत्रे या मंडळाच्या नोंदणीबाहेर होती. शिवाय हे मंडळही अणुऊर्जा आयोगाच्या छत्राखालीच होते. म्हणजे वेगळेपण हवे, आणि त्या वेगळ्या माणसाला गल्लीबोळात जाता येईल एवढी माणसे आणि पैसाही हवा. मोबाइल लहरींसाठी आरोग्य मंत्रालयाकडे उत्तरदायी असणारी, दुकानातून फोन विकत घेणारी, गच्चीवर चढणारी यंत्रणा मला हवी आहे. स्पेक्ट्रमच्या लिलावातला एक बारीकसा हिस्सा तिला पुरेल.

आणि तिचा एक धागा बार्शीशी जोडावा, असे मला मनापासून वाटते. विचार करा : आपली कर्करोग नोंदणी १९८७ ची, मोबाइल १९९५ चा, आणि खेड्यात तो घरोघर पोहोचला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे मोबाइलच्या आधीची आणि नंतरची, त्याच गावांची, त्याच पद्धतीने ठेवलेली नोंद आपल्याकडे आहे. ग्रामीण भागात अशी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी असेल. मेंदूच्या गाठी दुर्मीळ असतात. काही लाख लोकवस्तीत वर्षाला त्या बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यामुळे एकट्या बार्शीच्या आकड्यांतून निकाल निघणार नाही, हे शास्त्र जाणणारा प्रत्येक जण सांगेल. शिवाय दरम्यान सीटी-एमआरआय आले, पूर्वी न कळणाऱ्या गाठी आता कळतात. पण याच नोंदणीला इतर नोंदण्या जोडल्या, त्या गावांतल्या टॉवरचे मोजलेले आकडे जोडले, कुठे एकच काडी मिळते आणि कुठे पाच, तेही लिहिले, तर विसाव्या शतकात सुरू झालेल्या या नोंदणीला एकविसाव्या शतकाला एक खरे उत्तर देता येईल. हो किंवा नाही, जे निघेल ते. एक लाखाहून जास्त स्त्रियांनी ज्या भरवशाने आपली तपासणी करू दिली, तो भरवसा इथल्या मातीत आहे. वही घेऊन दारात आलेल्या माणसाला पाणी विचारणारी ही गावे आहेत.

तोवर काय करावे, असे मला सभेनंतर विचारले जाईल, म्हणून आत्ताच सांगतो. लांब बोलायचे तर स्पीकरवर किंवा वायरच्या हेडफोनवर बोला. फोन हातभर दूर गेला की लहरी कितीतरी पटींनी उतरतात. एक काडी असताना गप्पा मारू नका, निरोप टाका. झोपताना फोन मुलाच्या उशीखाली नको. हे सगळे खबरदारी म्हणून, घाबरून नाही. आणि रात्री मोटारसायकल चालवताना फोन कानाला लावू नका. रस्त्यावर मोबाइलने माणसे मारल्याचा पुरावा मात्र मर्यादित नाही.

उद्या सकाळी सात वाजता मी भगवंत मंदिराच्या बाजूच्या पेठेतल्या एका गच्चीवर माझा मीटर घेऊन जाणार आहे. घरमालकांनी परवानगी दिली आहे. समोर नऊ अँटेना आहेत. माझ्या मीटरवर सरकारी शिक्का नाही, त्यामुळे तो आकडा कुठल्या कार्यालयात ग्राह्य धरला जाणार नाही. पण तो ०.४५ च्या जवळ आला तर आम्ही चार घरांनी वर्गणी काढून ४,००० रुपये भरायचे आणि रीतसर मोजणी मागायची, असे ठरले आहे. फार खाली आला तर तोही आकडा मराठीत लिहून जिन्याच्या तोंडाशी लावायचा. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. येताना वही-पेन आणावे. मीटरचा पडदा मी तुमच्याकडे वळवून धरीन.